आत्याने बसवलेली फरशी

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. एकोणीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले. मग आपोआप फोन जोडणारी मशीन आली आणि तिच्यासह तिघींना घरी पाठवलं. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. लग्न झालेलं नव्हतं. आजी-आजोबा गेल्यापासून ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहत होती. स्वयंपाकघरामागची अरुंद खोली तिची. एक खाट, एक लोखंडी कपाट, आणि पाइपांच्या बोळाकडे उघडणारी एक खिडकी.

नोकरी होती तोवर ती आमच्याकडे का राहते, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. नोकरी गेल्यावरही कुणी तो तोंडाने विचारला नाही, पण तो घरात येऊन बसला. आई तिला वन्सं म्हणायची. मनासारखं चाललेलं असलं की वन्सं, नसलं की बाबांकडे बघून ‘तुमची बहीण’. त्या वर्षी ‘तुमची बहीण’ बरंच ऐकू यायला लागलं.

अशात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर रोज ‘उद्या येतो’ म्हणायचा. पाचव्या दिवशी आत्या उठली, चपला घातल्या आणि हार्डवेअरच्या दुकानात गेली.

“कुणी पाठवलंय?” दुकानदाराने विचारलं.

“कुणी नाही. मलाच हवंय.”

त्याने वॉशर दिला तो लहान निघाला. परत गेली, दुसरा आणला, तो जाड निघाला. तिसऱ्यांदा तिने नळाचं मुंडकंच रुमालात गुंडाळून नेलं आणि काउंटरवर ठेवलं. आवाज चढवला नाही. इस्पितळातल्या संतापलेल्या नातेवाइकांशी एकोणीस वर्षं बोललेली बाई होती ती. दुपारपर्यंत नळ गळायचा थांबला. आई म्हणाली, “वन्सं, तुमच्या हाताला गुण आहे हो.” आत्याचा चेहरा इतका उजळला, की आज आठवलं तरी मला कसंतरी होतं.

त्यानंतर ती थांबली नाही. दाराच्या बिजागऱ्या, पंख्याचं बटण, खिडकीची फुटलेली काच, रंग. कुणी शिकवलं नाही. एका वहीत ती सगळं लिहून ठेवायची, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेली लाकडी गिट्टी सैल बसली तर काय करायचं, पुट्टी सुकायला किती वेळ द्यायचा, असं. चुकाही भरपूर केल्या. तिने लावलेली पहिली फळी काचेच्या सात बरण्यांसकट खाली आली. आठ दिवस आई अनवाणी स्वयंपाकघरात गेली नाही, आणि का जात नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. आत्याने भिंत पुन्हा भोकं पाडून तपासली, लांब स्क्रू आणले, फळी परत लावली. ती मात्र हलली नाही.

बाबा खुर्चीत पेपर धरून बसायचे आणि तिथूनच, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे, “अजून थोडं डावीकडे” म्हणायचे. पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, “आमच्या घरात मिस्त्री पाय ठेवत नाही.” आत्या पाहुण्यांसमोरच चहाचे कप उचलत असायची. हे सगळं करते कोण, ते बाबा सांगत नसत. माझा भाऊ, दादा, तिला ‘मिस्त्रीबाई’ म्हणायला लागला. सुरुवातीला त्यात लाड होता.

मी तेव्हा कॉलेजात होते. मी तिला कधी हातोडी उचलून दिली नाही, हेही इथेच सांगून टाकते.

एकदा तो हार्डवेअरवाला स्वतः घरी आला. आत्याने दुकानात विचारलेल्या प्रश्नांवरून त्याने तिची पारख करून ठेवली होती. बाबांना म्हणाला, “साहेब, माझ्याकडे रोज दोन-चार बायका येतात. नवरा कामावर, घरी एकटी, परका माणूस घरात घ्यायला नको वाटतो. बारीकसारीक कामं असतात. ताई करतील का? मी पाठवत जाईन.”

आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

बाबा हसले. “अहो, ती घरात वेळ जावा म्हणून करते. लोकांच्या दारात स्क्रू पिळत फिरायला लागली तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?”

“ताईंना विचारून बघा,” तो म्हणाला.

बाबांनी मान वळवून विचारलं, “काय गं, जायचंय तुला?”

त्या विचारण्यात उत्तर आधीच होतं. आत्या म्हणाली, “नको. घरातलंच पुरे आहे.”

तो माणूस चहा न घेता गेला. पुढे त्याने तिला कधी ताई म्हटलं नाही, की चुकीचा माल दिला नाही. माल द्यायचा, मान खाली घालायचा.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा बाथरूमची फरशी काढायची ठरली. जुनी फरशी तडकलेली, कोपऱ्यात काळी पडलेली. आई म्हणाली, आता तरी मिस्त्री बोलवा. बाबा म्हणाले, “घरात मिस्त्री असताना?”

आत्याने त्या दिवशी पहिल्यांदा नाही म्हटलं. मला तिचे शब्द आठवतात, कारण ती सहसा असं बोलायची नाही. “अरे, फरशीचं काम मला येत नाही. नळ वेगळा, फरशी वेगळी. उतार काढावा लागतो. चुकला तर पुसता येत नाही.”

“शिकशील गं. नळ तरी कुठे येत होता?”

मग ती शिकायला गेली. कोपऱ्यावर एका इमारतीचं काम चाललं होतं. तीन दिवस ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून, तळमजल्यावर गवंडी फरशी कशी बसवतात ते बघत होती. चौथ्या दिवशी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गवंड्याने तिला आत बोलावलं, हातात थापी दिली आणि दोन फरश्या बसवायला लावल्या. फरशी बसवून झाली की थापीच्या दांड्याने ठोकून ऐकायचं, हे तिला त्याने सांगितलं. भरीव आवाज आला तर खाली सिमेंटचा माल नीट गेला, पोकळ आला तर काढून परत. कानाचं काम होतं, तिला ते जमलं.

बावीस दिवस लागले. आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायचो आणि परत येताना कुरकुरायचो. ती गुडघ्याखाली जुनं पोतं घेऊन बसायची. फरशीखाली ओल जाऊ नये म्हणून तिने लेपाचे दोन थर दिले, मध्ये दोन दिवस सुकू दिलं. आई म्हणाली, एवढं कशाला. जुनी फरशी उकरल्यावर कळलं, की सांडपाण्याची जाळी मुळातच वर बसवलेली आहे. इमारत बांधणाऱ्यानेच तसं केलं होतं. ती खाली घ्यायची तर पाइप कापावा लागणार. बाबा म्हणाले, “पाइपाला हात लावायचा नाही. आहे त्यात बसव.”

आहे त्यात तिने बसवलं.

नव्या फरशीवर पहिली आंघोळ दादाने केली. केस पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “मिस्त्रीबाई, पाणी उलटं चाललंय.”

आम्ही सगळे बघायला गेलो. पाणी जाळीकडे थोडं जायचं, मग विचार बदलल्यासारखं वळायचं आणि वॉश बेसिनखालच्या कोपऱ्यात जाऊन साचायचं. आई म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; हिला नाही जमलं तर हिने अंगणच वाकडं करून ठेवलं.” सगळे हसले. मीही हसले. चांगला विनोद होता.

आत्या म्हणाली, “मला आठ दिवस द्या. ती बाजू फोडते, परत करते. जाळी मात्र खाली घ्यावी लागेल.”

“आता पाहुणे येतील,” बाबा म्हणाले. “राहू दे. एक वायपर आणून ठेवा.”

लग्न झालं, पाहुणे गेले, वायपर राहिला. अकरा वर्षं आमच्या घरातला प्रत्येक माणूस आंघोळ झाली की वायपरने कोपऱ्यातलं पाणी जाळीपर्यंत ओढायचा. अकरा वर्षं रोज सकाळी कुणीतरी दारातून म्हणायचंच, “धन्य आत्याबाईंची.” वहिनी आली तिने चार महिन्यांत हे वाक्य उचललं. वहिनी वाईट नव्हती. घरात जे बोललं जातं तेच नवा माणूस शिकतो.

आत्या सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ करायची आणि बाथरूम कोरडं करून यायची. तरीही.

मग खालच्या मजल्यावरचे काका एके दिवशी वर आले. त्यांच्या छतावर ओल उतरली होती, हातभर डाग. बाबांनी त्यांना बसवलं आणि ते काही म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, “अहो काय सांगू, बहिणीची हौस. मी म्हणत होतो चांगला मिस्त्री लावू. ऐकेल तर शपथ.”

मी तेव्हा माहेरी आले होते. मला माहीत होतं की हे खोटं आहे. आत्या आत भांडी पुसत होती, आणि आमच्या घरात बाहेरचं आत ऐकू येत नाही असं कधीच नव्हतं. ती बाहेर आली. काका तिच्याकडे बघून हसले, आपण लहान मुलाच्या चित्राकडे बघून हसतो तसे. म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी स्वेटर विणा.”

आत्या म्हणाली, “फरशीचे सांधे भरून घेते मी.”

चार दुपारी बसून तिने प्रत्येक सांधा कोरला आणि पुन्हा भरला. डाग वाळला नाही, दोन महिन्यांत आणखी पसरला. काका परत आले, बाबांनी परत तेच सांगितलं. पुढे तर तो घरातला नेहमीचा किस्साच झाला.

दादाला बढती मिळाली तेव्हा त्याने घर नव्याने करायला काढलं. एका ठेकेदाराने कागदावर नकाशा काढून आणला. तो जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि सगळे वाकून बघत होते. स्वयंपाकघरामागची खोली त्यात नव्हती. तिथे दादा-वहिनीच्या खोलीला जोडलेलं दुसरं बाथरूम होतं. आत्याने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि बोट ठेवून सांगितलं, “इथे जाळी या बाजूला घेतलीय ती बरोबर आहे. उतार कमी लागेल.”

आपली खोली कुठे गेली, असं तिने विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

काम चालेपर्यंत सगळ्यांनी समोरच्या इमारतीत भाड्याने राहायचं होतं. तिथे दोनच खोल्या होत्या, म्हणून आत्यासाठी ‘तेवढ्यापुरती’ शहराबाहेर, एका ट्रस्टच्या जागेत सोय केली. म्हाताऱ्या बायकांची जागा होती ती. बाबा त्या जागेला होस्टेल म्हणायचे. अजून म्हणतात. मी म्हणू शकले असते, आत्या, आमच्याकडे ये. माझं मूल लहान होतं, सासूबाई आजारी होत्या, घर दोन खोल्यांचं. कारणं सगळी खरी होती. कारणं बहुतेक खरीच असतात.

तिने हत्यारांची पत्र्याची पेटी बरोबर घेतली होती. दादा म्हणाला, “तिथे कुठे लागणार? आणि गाडीत जागा नाही. राहू दे इथे, सांभाळून ठेवतो.” तिने पेटी खाली ठेवली. ठेकेदाराच्या माणसांनी ती वापरली आणि महिन्याभरात त्यातलं एकही हत्यार जागेवर राहिलं नाही.

बाथरूम फोडलं त्या दिवशी मी योगायोगाने तिथे होते, माझी काही जुनी पुस्तकं न्यायला. ठेकेदाराने फोडण्याआधी सवयीने हातोडीच्या दांड्याने फरश्या ठोकत नेल्या. मग थांबला, परत पहिल्यापासून ठोकल्या.

“ही कुणी बसवली?”

दादा म्हणाला, “होती एक हौशी बाई.”

“एकही पोकळ नाही,” तो म्हणाला. “उतार गेलाय, पण ती जाळीच वर आहे, त्याला कोण काय करणार. बसवलीय मात्र मन लावून. आमच्या पोरांनी बसवलेली आठवड्याने ठोकली तर चारातली एक पोकळ निघते.”

फरशी निघायला पूर्ण दिवस गेला. खालचा लेप कोरडा ठणठणीत होता. मग त्यांनी बेसिनमागची भिंत फोडली. आत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा लोखंडी पाइप होता, कोपऱ्यावर गंजून भोक पडलेलं, आणि तिथून पाणी भिंतीतल्या भिंतीत खाली उतरत होतं. ठेकेदाराने त्यात बोट घालून दाखवलं.

“गळती ही. फरशीचा काही संबंध नाही.”

“बरं, बदलून टाका,” दादा म्हणाला आणि फोनवर बोलायला बाहेर गेला.

बाबा रंगाच्या उलट्या डब्यावर बसून बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, “धूळ फार झाली.”

त्या आठवड्यात कुणीही आत्याला हे सांगितलं नाही. मी ठरवलं, भेटायला जाईन तेव्हा सांगेन. तीन आठवड्यांनी गेले आणि सांगितलं नाही. ती परत कधी यायचं ते विचारेल याची मला भीती होती, आणि घर तर जवळजवळ तयार झालं होतं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. आमचा वैद्य तर जिवंत होता, खिडकीशी बसला होता आणि मला विचारत होता, “बाळाचा खोकला बरा आहे का?”

शेवटी सात महिन्यांनी सांगितलं. तोवर तिने विचारणंच बंद केलं होतं. आम्ही त्या जागेच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसलो होतो.

“आत्या, ती गळती तुझ्या फरशीची नव्हती. भिंतीतला पाइप गेला होता.”

“माहितीये,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मीच बघितलं होतं. खालचे काका पहिल्यांदा वर आले ना, त्याच आठवड्यात. जाळीला बोळा लावला, फरशीवर पाणी भरलं, त्यात कपड्यांची नीळ घातली. दिवसभर ठेवलं. खाली जाऊन बघितलं, डागाला निळ्याचा लवलेश नाही. मग फरशी दोन दिवस कोरडी ठेवली, तरी डाग ओलाच. म्हणजे पाइप. दुसरं काय असणार?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले. तुझ्या बाबांना सांगितलं.”

ती पुढे म्हणाली, शांतपणे, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगावी तशी. “तो म्हणाला, पाइप म्हटलं तर भिंत फोडावी लागेल, खालच्यांचं छत करून द्यावं लागेल, सगळं आपल्या अंगावर येईल. तुझी फरशी म्हटलं की माणूस हसतो आणि जातो. तुझं काय जाणार आहे त्यात?”

“आणि तू ऐकलंस.”

“त्याच्या घरात राहत होते ना गं.” तिने नखाशी आलेली कातडी ओढली. “हे बघ, उतार माझा चुकला होता. अकरा वर्षं तुम्ही वायपर मारताना माझं नाव घेतलंत, ते मी ऐकून घेतलं. माझीच चूक होती, ऐकायलाच हवं. पण गळती माझी नव्हती. ती ऐकून घ्यायला नको होती. तेव्हा एकदा चारचौघांत बोलले असते तर घरातून गेले असते. नाहीतरी गेलेच.”

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “बस चुकेल तुझी.”

मी बाबांशी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाही म्हटलं नाही. “जुनं उकरून काय मिळणार आहे? तिथे तिला वेळेवर जेवण मिळतं, डॉक्टर येतो. घरी काय करणार होती? आता दुरुस्त करायला उरलंय काय?” हे त्यांनी समजूत घालण्याच्या सुरात म्हटलं. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही, असं मला वाटायचं. आता वाटतं, कळलं असावं.

सासूबाई गेल्यानंतर आमच्या घरात थोडी जागा झाली. मी आत्याकडे गेले आणि म्हणाले, “आता आमच्याकडे चल. कायमची.”

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. “तुझ्याकडे काय मोडलंय?”

मला वाटलं गंमत करतेय. मी हसले. ती हसली नाही.

“काही नाही मोडलं, आत्या. राहायला चल म्हणतेय.”

“काही मोडलं नाही, मग मी येऊन काय करू?”

“काही करू नकोस. नुसती राहा.”

“नुसतं राहायचं मला जमत नाही,” ती म्हणाली. “नुसतं राहता आलं असतं तर एवढं सगळं कशाला केलं असतं?”

ती आली नाही. पुढच्या अडीच वर्षांत तीन वेळा एका दिवसापुरती आली. पर्स मांडीवर ठेवून खुर्चीत बसायची, चहा दिला की घ्यायची, कप स्वतः उचलायची नाही. शेवटच्या वेळी आली तेव्हा आमच्या बाल्कनीच्या दाराची कडी खिळखिळी झाली होती आणि वाऱ्याने दार सारखं आपटत होतं. प्रत्येक आवाजाला तिची नजर तिकडे जायची. एकदा तिची बोटंही हलली. मी काही म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, यासाठीच बोलावलंय. तीही काही म्हणाली नाही. संध्याकाळी मी तिला बसमध्ये बसवून दिलं. त्या पावसाळ्यात न्यूमोनिया होऊन ती तिथेच गेली. दादाने सगळं नीट केलं, बाबा रडले, आणि आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, की वन्संच्या हाताला फार गुण होता.